कंगव्यात न आलेले केस

मी एक जुना लाकडी कंगवा आहे. दोन दात पडलेत, तरी एके काळी माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! एका कारागिराने मला करवतीने कापले, घासले, तेल पाजले आणि एका पोटुशी बाईने मला विकत घेतले.

बाळंतपणानंतर तिचे केस पुंजक्यांनी गळू लागले. घाबरली बिचारी! पण वर्षभरात ते पुन्हा दाट झाले. मित्रांनो, रोज पन्नास-शंभर केस कुणाचेही गळतात. जुने जातात, नवे येतात. झाले, तेव्हापासून मी घरचा वैद्य ठरलो. विंचरून झाले की ती मला उजेडात धरायची, केस मोजायची आणि निकाल द्यायची.

लेक मोठी झाली, हॉटेलच्या स्वागतकक्षात नोकरीला लागली. तिथे एक बटही सुटलेली चालत नसे. रोज सकाळी आई माझ्याकडून तिचे केस कपाळापासून ताणून घ्यायची आणि अंबाडा असा आवळायची, की पोरीच्या भुवया वर चढायच्या.

"आई, कानशिलाशी दुखतंय गं. पुटकुळ्या आल्यात, केसही विरळ झालेत."

आईने मला उजेडात धरले. "हे बघ, चाळीससुद्धा नाहीत. उगाच कांगावा करू नकोस. माझे ओंजळभर गेले होते, आले ना परत?"

मी काय बोलणार, कपाळ? केस सगळ्या डोक्यावरून गळतच नव्हते. जिथे ताण बसत होता, तिथेच मुळे मरत होती. बघायचे होते ते तिच्या कानशिलाशी, आणि आई बघत होती माझ्याकडे.

अशी सहा वर्षे गेली. मग लेक डॉक्टरीणबाईंकडे गेली, आईही सोबत होती. त्यांनी तिच्या कानशिलाला भिंग लावून पाहिले. "सुरुवातीलाच अंबाडा सैल केला असता, तर हे केस आले असते. आता मुळंच उरली नाहीत."

"पण माझे आले होते हो," आई पुटपुटली.

"ते गळणं वेगळं, हे वेगळं."

दुसऱ्या दिवशी आईने मला हातात घेतले. "राहू दे, माझं मी करते," लेक म्हणाली आणि तिने आतून कडी लावली. तेव्हापासून मी अडगळीच्या डब्यात आहे.

मित्रांनो, रोजच्या चार केसांना भिऊ नका. पण एकाच जागी टाळू दिसू लागली, दुखू लागली, तर कंगव्याला विचारत बसू नका. वेळेवर डॉक्टर गाठा. आणि लेकरू दुखतंय म्हणाले, की आधी हात सैल करा. या घरात हे शहाणपण आता कुणाच्याच उपयोगाचे नाही.