नळीचं तोंड कुणाकडे?

प्रत्येक गल्लीत अशी एक तरी गाडी असतेच, जिच्या आधी तिचा आवाज घरात येतो. जेवणारा घास हातात धरून थांबतो, पाळण्यातलं बाळ दचकतं, कुणीतरी खिडकी लावून घेतं आणि स्वतःशीच पुटपुटतं. गाडी निघून जाते. तोंडावर कुणी काही बोलत नाही, कारण गाडीवाला ओळखीचा असतो. बाभुळगावात कापसाच्या जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या गल्लीत अशी गाडी आली ती ऋचाच्याच घरी. आणि ऋचाला तर त्या आवाजाचं भारी कौतुक होतं.

गाडी तिच्या दादाची, साकेतची. नागपूरला नोकरी लागल्यावर त्यानं जुन्यातलीच, पण स्पोर्ट्स कार घेतली होती. लालभडक, दोनच दारांची, आणि इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवर मांडी घालणं. बाबा, म्हणजे सदाशिवराव, पहिल्यांदा तिच्यात बसले तेव्हा त्यांना बाहेर काढायला दोघंजण लागले. अख्ख्या गल्लीनं तो सोहळा पाहिला आणि बाबांनी तिथेच जाहीर केलं की आपली ऑफिसची सायकल बरी. ऋचा मात्र गाडीवर फिदा होती. ती दहावीत होती. त्याच वर्षी ती पहिल्यांदा स्टेजवर बोलली आणि वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आली. विषय होता ध्वनिप्रदूषण! आईनं बक्षिसाची ढाल शोकेसमध्ये अशी ठेवली होती की दारातून येणाऱ्याला आधी तीच दिसावी. तेव्हापासून ऋचाची भीड अशी चेपली, की घरात कुठल्याही गोष्टीवर पहिलं मत तिचंच पडायचं.

साकेतला गाडीत एकच खोट दिसत होती. ती फार गुमान चालायची. एवढी लाल गाडी आणि आवाज मात्र मामाच्या जीपइतकाही नाही, म्हणजे काय? म्हणून त्यानं बाहेरून एक चकचकीत नवा सायलेन्सर मागवला, मनगटाएवढ्या जाड नळीचा. बसस्टँडजवळ गॅरेज चालवणाऱ्या जब्बार चाचांनी तो नुसता हातात घेऊन फिरवून पाहिला आणि परत दिला. हे काम मी करणार नाही, असं म्हणाले, आणि दुसऱ्याच गाडीखाली शिरले. पण त्यांचा मुलगा अय्याज साकेतचा शाळेपासूनचा दोस्त. आई-बाबा केळापूरला देवीच्या दर्शनाला जाणार होते, तो दिवस दोघांनी बरोबर धरला. काम घरीच करायचं, अंगणात.

गाडीचं तोंड घराकडे आणि पाठ फाटकाकडे, गल्लीकडे करून त्यांनी ती विटांवर चढवली. जुन्या सायलेन्सरचे बोल्ट गंजून असे धरून बसले होते की पान्यावर दोघं लोंबकळले तरी हलेनात. ऋचानं मोबाइल समोर धरला होता आणि व्हिडिओतला माणूस काय सांगतो ते मराठीत ओरडून सांगत होती. नळी ज्या जाड रबरांना टांगलेली असते, ती रबरं काही केल्या निघेनात. तेव्हा तिलाच सुचलं. आईच्या पाटल्या निघत नाहीत तेव्हा ती काय करते? ऋचा धावत गेली आणि साबणाचं पाणी घेऊन आली. रबरं सुळकन निघाली. अय्याज गाडीखालून म्हणाला की हिलेच मेकॅनिक करा, आपण दहावीला बसू. ऋचाला त्या दिवशी आपण दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटलं.

नवा सायलेन्सर बसला. जुना, मळका आणि जड, तुळशीजवळ पडून राहिला. साकेतनं किल्ली फिरवली आणि अंगणातल्या चिमण्या एकदम उडाल्या. ऋचा गाडीत त्याच्या शेजारी बसली होती. आत तो आवाज घुमत होता, पाठीत गुदगुल्या करत होता, ढोलासारखा गोड. तिनं टाळ्या वाजवल्या.

"अजून एकदा आवाज दे ना दादा, पूर्ण दाबून!"

"मागं पाहाय बरं, कोणी येऊन राह्यलं का?"

ऋचा खाली उतरली आणि फाटकाशी गेली. मागं मानीबाई येत होती.

मानीबाई बंजारा तांड्यावरची. तांड्यातली मुलं तिला याडी म्हणत, म्हणजे आई. लोकांचा कापूस ती आपल्या बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून, जिनिंगवर पोचवायची. ते बोंडअळीचं वर्ष होतं. शेतांतला कापूस अळीनं पोखरला होता, जो वाचला त्याला धड भाव नव्हता, त्यामुळे बंड्यांना कामही थोडंच होतं. टेम्पोवाल्यांना परवडत नाही अशी चार-सहा गाठोडी असली की लोक मानीबाईला हाक मारत. तिचे बैल दोन, कोशा आणि पाखऱ्या. तिच्या हातात चाबूक कुणी कधी पाहिला नव्हता. ती जिभेनं टक् टक् करायची आणि दोघं वळायचे. ऋचा लहान असताना शाळेत जाताना पाखऱ्याच्या कपाळाला हात लावूनच पुढे जायची.

बंडी फाटकापाशी आली तसा मानीबाईनं एक हात वर केला. ऋचानं तो पाहिला. पुढे कितीतरी दिवस तिला तो हात डोळ्यांसमोर दिसत राहिला. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात पोळ्याचं मैदान होतं. तिथं बैलांच्या कानाशी डफडे वाजतात, फटाके फुटतात, आणि पाखऱ्या कसा तोरणाखाली ढिम्म उभा असतो. त्याला कसली आली भीती?

"मानीबाई हाय," ती मागे वळून ओरडली. "काही नाही होत. पोळ्यात याहून जास्त वाजते. दे तू!"

बंडी फाटक ओलांडत होती, आणि साकेतनं दिला.

तो आवाज गाडीतल्यासारखा ढोलाचा नव्हताच. काहीतरी फाटावं, फुटावं, तसा तो होता. पाखऱ्या उधळला. त्याच्या ओढीनं कोशाही उधळला. मानीबाई कासरा ओढत, टक् टक् करत, नावानं हाका मारत राहिली, पण ऐकणारं कुणी उरलंच नव्हतं. पुढच्या रपट्याच्या, म्हणजे नालीवरच्या बुटक्या पुलाच्या, कठड्याला चाक धडकलं, बंडी कलंडली, गाठोडी नालीत गेली. मानीबाई एका बाजूला फेकली गेली आणि पाखऱ्या जुवाखाली गुडघ्यांवर पडला.

गल्ली धावली. अय्याजनं जू सोडवलं. मानीबाईचं कोपर सोलून निघालं होतं, पण ती स्वतःकडे पाहतच नव्हती. पाखऱ्याचे दोन्ही गुडघे रक्तानं भरले होते, आणि तो उभा राहिल्यावरही थरथरत होता. ऋचा सवयीनं त्याच्या कपाळाला हात लावायला गेली. त्यानं मान झटकली आणि तो मागे सरला.

मानीबाईनं शिवी दिली नाही, ती रडलीही नाही. ती फक्त म्हणाली, "पोरी, मी हात वर केलता ना."

 

एवढ्यात अय्याजची आई, अनवरी चाची, पदर खोचून आली. तिचं घर समोरच होतं आणि माहेर मुकुटबनचं, शेतीवाडीचं, बैलांच्या गोठ्यातच ती लहानाची मोठी झालेली. तिनं आधी मानीबाईला आपल्या ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, हळद लावली. मग तिघांना अंगणात उभं केलं. साकेत सांगू लागला की चाची, आवाज एवढा असेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं, आत बसल्यावर तर चांगला वाटत होता.

"आत चांगला वाटतेच ना रे," चाची म्हणाली. "चल, बाहेर ये. ऋचा, तू पण. इथं बसा, नळीच्या मागं, खाली. बैल होता त्याच बाजूला. अय्याज, तू चालू कर."

गल्लीत दुसरं जनावर नाही हे तिनं आधी पाहून घेतलं, पाखऱ्याला दूर चिंचेखाली न्यायला लावलं, आणि मगच मान हलवली. अय्याजनं अॅक्सिलरेटर अर्धाच दाबला.  ऋचाचे दोन्ही हात आपोआप कानांवर गेले. धूर तोंडावर आला, डोळ्यांत पाणी आलं. साकेत तर मागच्या मागे बसलाच.

"या नळीचं तोंड कोणाकडं हाय?" चाचीनं विचारलं. "तुमच्याकडं हाय का? तुम्ही तिच्या पाठीशी बसून राह्यले. मजा तुमची आणि तोंड दुनियेकडं. आणि तू गं, तू म्हणे पोळ्याचं काही बोलली."

ऋचानं मान खाली घातली.

"पोळ्यात बैलाच्या मानेवर जू नसते, बेटा. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर मालकाचा हात राहते. त्याले समोर दिसते की डफडं हाय, वाजवणारा माणूस हाय. इथं तो जुवाले बांधलेला, मागं वळून पाहू शकत नाही. आणि मागून त्याच्यावर काय येऊन राह्यलं, ते त्याले कोण सांगणार? सांगणारी एकच होती, तिनं हात वर केलता. तुम्ही तिचं ऐकलं नाही." मग तिनं दारातून दिसणाऱ्या शोकेसकडे बोट केलं. "तुह्या ढालीवर काय लिहिलं हाय ते मले वाचता येत नाही. पण तू तेव्हा ओट्यावर उभी राहून आम्हाले भाषण म्हणून दाखवलं होतं. मले सारं पाठ हाय."

ढाल शोकेसमध्येच होती. त्या संध्याकाळी ऋचानं ती काढून कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवली. आईनं केळापूरहून आल्यावर सगळं ऐकलं, पण ढाल कुठे गेली ते विचारलं नाही.

साकेतनं त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत, जुना सायलेन्सर परत बसवला. या खेपेला जब्बार चाचा स्वतः आले आणि शेवटचा बोल्ट त्यांनीच आवळला.  नालीतली गाठोडी उचलून आणली गेली. चिखलाचा कापूस जिनिंगवर कोण घेणार? ऋचा, आई आणि अनवरी चाची कितीतरी दिवस ओट्यावर बसून तो वेचत होत्या, वाळवत होत्या, त्यातली काडी न् काडी काढत होत्या. ज्यांचा कापूस होता त्यांची भरपाई साकेतनं केली, मानीबाईच्या बंडीचं चाकही नवं करून दिलं.

पण पाखऱ्या? त्याची भरपाई कुठे करायची?

गुडघे भरून आले. मनातलं मात्र भरून येईना. मागून साधी स्कूटर आली तरी तो अंग चोरायचा, आणि त्या गल्लीच्या तोंडाशी तर पाय रोवून उभाच राहायचा. मानीबाईनं टक् टक् केलं, गळ्याला मिठी मारली, कोशाला पुढे घातलं. नाहीच. शेवटी ती नाल्याकाठच्या पांदणीनं, लांबचा वळसा घालून जिनिंगवर जाऊ लागली. दिवसाकाठी जिथं दोन खेपा व्हायच्या तिथं एकच होऊ लागली. ज्यांना घाई होती त्यांनी टेम्पो धरला. ऋचा सकाळी शाळेआधी तांड्यावर जायची, हातात गुळाचा खडा घेऊन. पाखऱ्या गूळ खायचा. कपाळाला हात मात्र लावू द्यायचा नाही. मानीबाई म्हणायची, "येत जा, पोरी. त्याले वेळ लागंल." ती रागावली असती तर ऋचाला सोपं गेलं असतं.

गल्लीत आता बंडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत नव्हता. तो कधी येत होता हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. तो बंद पडला तेव्हा सगळ्यांना ऐकू आला.

पुढचा पोळा आला. मैदानात तोरण लागलं, बैल सजून रांगेत आले, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या. पाखऱ्याच्या शिंगांना रंग होता, पाठीवर झूल होती. मानेवर जू नव्हतं आणि खांद्यावर मानीबाईचा हात होता, जसा चाचीनं सांगितला होता तसा. ऋचा लांबून पाहत होती. यंदा तरी, यंदा तरी, असं मनात म्हणत होती.

पहिलं डफडं वाजलं आणि पाखऱ्या मागे सरला. डोळे पांढरे झाले. आजूबाजूचे बैल चुळबुळू लागले. कुणीतरी ओरडलं की बाई, बिथरलेलं जनावर इथं आणलं कायले, बाहेर काढ. मानीबाईनं कासरा वळवला. पाखऱ्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोरणाखालून न जाता घरी निघाला होता.

ऋचा गर्दीतून वाट काढत वाजंत्र्यांपुढे जाऊन उभी राहिली. समोर माईक होता, पण तिनं तो घेतला नाही. भाषण तिला आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, तो बैल माह्यामुळं असा झाला. तो पार होईपर्यंत जरा थांबता का?"

डफडेवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पाखऱ्याकडे. त्यानं काडी खाली ठेवली. बाकीचेही थांबले. मैदानात कधी नव्हे ती शांतता झाली, तशी मानीबाईनं पाखऱ्याला परत तोरणाकडे वळवलं. एवढ्या माणसांत फक्त मानीबाईची जीभ ऐकू येत होती. टक् टक्. टक् टक्. पाखऱ्या एक पाऊल आला, थबकला, कान हलवले, आणि मग तोरणाखालून हळूहळू पार झाला. पलीकडे साकेत उभा होता. तो रडत होता आणि कुणी पाहील याची त्याला फिकीर नव्हती.

गोष्ट इथं गोड झाली असं म्हणता आलं असतं. पण पाखऱ्या त्या गल्लीत पुन्हा कधीच आला नाही. बंडी आजही नाल्याकाठच्या वळशानंच जाते, आणि ऋचा आजही गुळाचा खडा घेऊन तांड्यावर जाते.

म्हणून, बंधूंनो आणि भगिनींनो, सायलेन्सर असो, लग्नातला डीजे असो की देवाच्या नावानं लावलेला भोंगा, सुरू करायच्या आधी एकदा खाली उतरा आणि त्याच्या तोंडासमोर जाऊन बसा. तिथं ज्यांना रोज बसावं लागतं, त्यांच्यातला कुणी आजारी असेल, कुणी तान्हं असेल, कुणी जुवाला बांधलेलं असेल. त्यांच्यापैकी एखाद्यानं हात वर केला, तर त्याचा अर्थ आपल्या मनानं लावू नका. थांबा. आवाज बंद करायला क्षण पुरतो. मोडलेला विश्वास मात्र गूळ खातो, आणि तरीही कपाळाला हात लावू देत नाही.