उसना आवाज

मी एक जुने इंजिन आहे, शंभर सीसीच्या छोट्या मोटरसायकलचे. मित्रांनो, आज तुम्हाला माझा जो आवाज ऐकू येतो तो माझा नाही. माझा आवाज एका मिस्त्रीने काढून टाकला. कसा, ते सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा आवाज अगदी गुळगुळीत होता. मला एका वायरमनने घरी नेले. माणूस लाखात एक, पण हात स्वस्थ बसतील तर शपथ! "गॅरेज कशाला? मला काय हात नाहीत?" म्हणत तो दर दोन-तीन महिन्यांनी अंगणात मला उघडून बसे. माझ्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह आहेत. त्यांना दाबणाऱ्या दांड्या आणि ते व्हॉल्व्ह यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. मिस्त्री ती पोलादी पट्टीने मोजतात. आमच्या शहाण्याने त्यासाठी स्वतःच्या लग्नपत्रिकेचा तुकडा कापून ठेवला होता!

"चला, लग्नाचा एवढा तरी उपयोग झाला," बायको दारातून म्हणायची.

"जाड कागदाची पत्रिका छापायचा हट्ट तुझ्याच बाबांचा होता," तो म्हणायचा.

आणि तिथेच घोडे पेंड खात होते. कागद जाड, म्हणून फट जास्त. मी टकटक वाजू लागले, तेही मधूनमधून अडखळत. गल्लीत दुसरी कुठलीच गाडी तशी वाजत नसे. वायरमनची आई डोळ्यांनी अधू होती, पण मी वळणावर असतानाच तिचा हात कडीवर जाई. "आलास का रे?" ती विचारी. "नाही, अजून वाटेत आहे," तो म्हणे, आणि दोघे हसत. रोज तोच विनोद, पण मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

मग एका दुपारी वायरमन खांबावरून पडला. मी खालीच स्टँडवर उभे होते. संध्याकाळी त्याच्या सोबत्यांनी मला ढकलत घरी आणले. ते वळण मी पहिल्यांदाच न वाजता पार केले.

महिन्याभराने त्याच्या बायकोला कपडे शिवण्याच्या कारखान्यात काम मिळाले. तिकडे बस जात नव्हती, म्हणून ती मला चालवायला शिकली. पहिल्याच संध्याकाळी मी वळणावर टकटकले आणि दार धाडकन उघडले.

"आलास का रे?"

सून हेल्मेट हातात धरून तशीच उभी राहिली. मुलगा गेल्याचे सासूला ठाऊक नव्हते असे नाही. त्याचे कपडे घडी घालून तिनेच पेटीत ठेवले होते. पण माझा आवाज आला की तिचे पाय आपसूक दाराकडे वळत, आणि सुनेला पाहिले की तिचा चेहरा पडे. सून तिच्या बाजूने आत जाई. असे आठ महिने चालले. मित्रांनो, मी त्या घरातले भूत झाले होते. रोज एका आईला मी तिचा मुलगा आणून देत होते आणि उंबऱ्यावरच परत नेत होते. सुनेने मला लांबच बंद करून ढकलत आणूनही पाहिले. पण दिवसभर मशीनवर वाकलेल्या कमरेला ते किती दिवस झेपणार?

शेवटी ती मला गॅरेजमध्ये घेऊन गेली. "मिस्त्री, याचा आवाज बदलून द्या."

"बिघाड काय तो सांगा, ताई. आवाज हा काय बिघाड झाला?"

"आमच्या घरात आहे."

मिस्त्रीने माझे डोके उघडले. त्या दांड्या हलवणाऱ्या फिरत्या भागाला, म्हणजे कॅमला, खड्डे पडले होते. "फट कशाने मोजत होते?" त्याने विचारले.

"लग्नपत्रिकेने."

मिस्त्रीला हसू फुटले, पण तिच्याकडे बघून त्याने ते गिळले.

चार दुकाने पालथी घातली. "ते मॉडेल बंद झालं," एवढेच उत्तर. एका दुकानात नकली कॅम मिळाला, तो सूतभर आखूड निघाला. अखेर मिस्त्री माझा कॅम चिंधीत गुंडाळून भंगारबाजारात गेला. तिथे हुबेहूब माझ्यासारखे इंजिन एका गाडीत होते. टाकीवर कुणा लहान मुलाने चिकटवलेले चांदण्यांचे स्टिकर तसेच होते. "एक म्हातारा विकून गेला," भंगारवाला म्हणाला. "मुलाची होती म्हणे. जाताना सारखा मागे वळून बघत होता." मिस्त्रीने त्या इंजिनाचे भाग काढून आणले, सुनेला ही हकीकत सांगितली, आणि माझे भाग बदल्यात भंगारवाल्याला दिले. ते लगेच भट्टीत गेले.

मी सुरू झाले आणि दचकले. आवाज मऊ होता, खालच्या पट्टीतला, शेवटी बारीकशी शीळ असलेला. मी कुणा परक्याच्या तोंडाने बोलत होते.

परतताना पुलापाशी पिशवी घेऊन चाललेला एक म्हातारा गर्रकन वळला. पिशवी हातातून पडली. दार उघडताना त्या आईचा चेहरा उजळायचा तसा त्याचा चेहरा उजळला. मग त्याला माझ्या टाकीचा रंग दिसला, वर बसलेली बाई दिसली. तो खाली वाकला आणि घरंगळलेले कांदे गोळा करू लागला. सुनेने ब्रेक दाबला, त्याच्याकडे पाहिले आणि मग हळूच पुढे निघाली.

घरी आलो तर दार बंदच. आतून आवाज आला, "कोण आहे?"

"मी आहे, आई."

"गाडी विकलीस का गं?"

"नाही. दुरुस्त केली."

"मग तो येणार कशावर?"

सून पायरीवर बसली. आठ महिने त्या घरात कुणी उच्चारले नव्हते ते तिने म्हटले, "आई, तो येणार नाहीये."

दार उघडले. "ठाऊक आहे मला. वेड नाही लागलेलं. पण कडी काढेपर्यंत तो यायचा ना गं. तेवढंच उरलं होतं माझ्याकडे."

"मला वाटलं, तुम्हाला त्रास होतो."

"होतो की. पण मला एकदा विचारायचंस तरी."

त्या संध्याकाळी दोघी पायरीवर बसून रडल्या. एकत्र रडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले.

मित्रांनो, मोडके ते नीट करा, जुन्याची काळजी घ्या, हे तर मी सांगणारच. मी इंजिन आहे. पण कुणाच्या घरातली खडखड बंद करण्याआधी त्या घरातल्या माणसांना विचारा. माझा आवाज आता कुठल्याही दुकानात मिळायचा नाही.

दुसऱ्या दिवशी पुलापाशी तो म्हातारा पुन्हा उभा होता. सून माझ्यावरून उतरली.

"बाबा, उद्यापासून मी दुसऱ्या रस्त्याने जाऊ का?"

त्याने माझ्याकडे बघितले. मी हळू वाजत होते.

"नको पोरी, इथूनच जा," तो म्हणाला. "फक्त जरा सावकाश जा."