बोटांनी पाडलेलं भोक

मी नकाशा बोलतोय. भिंतीवरचा होतो, आता माळ्यावरचा आहे. आवाज दबका वाटला तर समजून घ्या. अंगावर एक फुटकी घागर आणि पंधरा ऑगस्टच्या पताकांचं गाठोडं आहे.

पुण्याच्या एका छापखान्यात मी जन्मलो. जाड कागद, पाठीला कापड, वर-खाली लाकडी दांडके आणि माथ्यावर ठळक अक्षरं : 'जगातील शोधक प्रवासी'. लाल रेघा जहाजांच्या, काळ्या रेघा विमानांच्या. कोलंबस पश्चिमेला निघालेला, वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोचलेला. मॅगेलन वाटेतच मारला गेला, पण त्याचं एक जहाज जगाला फेरा घालून घरी परतलं. अमेलिया इअरहार्ट नावाची बाई विमानातून निघाली होती. तिची रेघ पॅसिफिकच्या मधोमध तुटते. एवढ्या सगळ्या धाडसी मंडळींना अंगावर घेऊन मी एकाहत्तर साली सिहोऱ्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत आलो. बैलगाडीतून, तांदळाच्या पोत्यांवर आडवा पडून.

तिथले भय्याजी गुरुजी जीव ओतून शिकवायचे. समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता. धोतराचा सोगा हलवून ते लाटा दाखवायचे. पण दर वर्षी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "सांगा पोट्टेहो, आपलं गाव कुठं हाये?"

गाव माझ्यावर नव्हतंच. असणार कसं? माझ्यावर एक बोट टेकलं की त्याखाली नागपूर, भंडारा, बालाघाट सगळं झाकून जायचं. तरी बोट टेकायचंच. पोरांचं टेकायचं, पोरांना सोडायला आलेल्या आयांचं टेकायचं, तपासणीला आलेल्या साहेबांचंसुद्धा. जांभळानं माखलेली बोटं, थुंकी लावलेली बोटं. कोलंबस कुठून निघाला याच्याशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं. आठ वर्षांत तिथला रंग गेला, मग कागद गेला, शेवटी कापडही विरलं आणि भोक पडलं. जग बघायला यायचं आणि घर शोधून परत जायचं, ही माणसांची खोड. मला तिचा फार वीट आला होता.

मग एकोणऐंशीचा जुलै आला. अमेरिकेनं आकाशात सोडलेली स्कायलॅब नावाची प्रयोगशाळा खाली कोसळणार, अशी बातमी रेडिओवर आली. ती कुठं पडेल हे कुणालाच सांगता येईना. गाव घाबरलं. लोकांनी कोंबडे कापले. मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणाले. एका दुपारी सगळे शाळेत जमले. पुढे होते कृष्णराव, गावातले जाणते शेतकरी. त्यांचा शब्द गावात खाली पडत नसे.

"गुर्जी, ते कुठं पडन, नकाशात दाखवा," ते म्हणाले.

गुरुजींनी सगळ्यांना दिसावं म्हणून मला उचलून खिडकीवर टांगलं. घात तिथेच झाला. मागून ऊन आलं आणि भोकातून नेमकं चमकलं. सगळं जग अंधारात आणि एकच जागा पेटलेली.

मग कृष्णराव म्हणाले, "इथंच पडन."

"अहो, या भोकात नागपूरबी हाये, बालाघाटबी हाये," गुरुजींनी समजावलं.

"असन. पर पोट्टे बोट कोणाच्या गावावर ठेवत होते? आपल्याच ना?"

त्या दिवसापासून गावातला भातलावणीचा रोवणा थांबला. बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, पाणी भरलेलं, चिखल तयार, भाताच्या रोपांचे परे लावायला आलेले, आणि माणसं घराच्या ओट्यावर आभाळाकडे बघत बसलेली.

दोन दिवसांनी रुखमा आली. कृष्णरावांची सून. तिचा नवरा मॅंगनीजच्या खाणीवर कामाला, त्यामुळे घरची शेती सासरा आणि सून बघत. शाळेत पोरं नव्हती. ती बराच वेळ माझ्यासमोर उभी राहिली. तिनं भोकाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे इतका वेळ पाहूनही गाव न शोधणारं ते पहिलं माणूस.

"गुर्जी, हे निळं सारं पाणीच हाये?"

"पाणीच."

"एवढं पाणी सोडून ते आपल्याच बांधीत काहून पडन?" मग तिची नजर तुटक्या रेघेवर गेली. "अन् हे रेघ अशी मधातच काहून थांबली?"

"एक बाई होती. इमान घेऊन जगाला फेरा माराले गेली. वापस नाही आली."

"पर गेली," रुखमा म्हणाली.

तेवढ्यात तिला शोधत कृष्णराव दारात आले. "घरी चाल," म्हणाले. रुखमानं पदर पुढे ओढला, पण ती हलली नाही.

"मामाजी, परे पिवळे पडून राहिले. आज रोवतो. पडलं तर रोवलेल्यात पडन, नाही पडलं तर खाऊ."

"माया शब्दाच्या बाहेर जातेस?"

ती त्यांच्या बाजूनं वाट काढून निघून गेली. त्या काळात त्या गावात सुनेनं असं निघून जाणं ही लहान गोष्ट नव्हती. सासऱ्यानं घराचं दार लावलं असतं तर ती कुठे गेली असती? पुढचं मला शाळेच्या ओट्यावरच्या बोलण्यातून कळलं : तिच्याबरोबर दोनच बायका आल्या आणि बोडीखालची, तळ्याचं पाणी मिळणारी, एक बांधी त्यांनी रोवली.

स्कायलॅब ऑस्ट्रेलियात आणि समुद्रात पडली. लोक हसले, एकमेकांना टाळ्या दिल्या आणि शेताकडे धावले. पण पाऊस त्यांची वाट बघत बसला नव्हता, तो केव्हाच निघून गेला होता. बांध्यांना भेगा पडल्या, परे जागेवरच करपले. कृष्णरावांच्या घरी त्या वर्षी पिकली ती बोडीखालची एक बांधी. वर्षभर त्या घरानं पेज जास्त आणि भात कमी खाल्ला, पण चूल विझली नाही.

धान निघाल्यावर कृष्णराव शाळेत आले. एका हातात पळसाच्या पानाच्या द्रोणात शिजलेला भात, दुसऱ्या हातात जुन्या धोतराचा तुकडा. मागे रुखमा होती. त्यांनी मला जमिनीवर पालथं घातलं, भात बोटानं घोटला आणि भोकावर ठिगळ चिकटवलं.

"सुनेच्या बांधीचा भात हाये, गुर्जी. चिकटन," ते म्हणाले. मग मान वर न करता म्हणाले, "पाह्य वं रुखमा, बराबर बसलं का?"

रुखमा वाकली. तिनं तळहातानं ठिगळ दाबलं. "बसलं, मामाजी."

इतक्या वर्षांत माझ्यावर टेकलेला तो एकच हात, ज्याचा मला कंटाळा आला नाही.

आता अठ्ठ्याऐंशी साल आहे. गुरुजी निवृत्त झाले, प्लॅस्टिकचा नवा नकाशा आला आणि मी माळ्यावर चढलो. उंदरांनी कोलंबस सोडला, वास्को द गामा सोडला. खाल्लं ते ठिगळ, कारण त्यात भात होता. भोक पुन्हा उघडं पडलं आहे.

मला खाली काढू नका. लाटा, वादळं, तुटक्या रेघा, सगळं सांभाळून थकलो आहे मी. एकच सांगणं आहे. उद्या झाडलोट करताना कुणी मला उलगडलं आणि भोकातून ऊन आलं, तर घाबरून काम टाकू नका. तिथं वरून काही पडलं नव्हतं. तिथं माणसं आपलं घर शोधत होती, एवढंच.