माझंच आम्ल, माझंच अस्तर

मी अठ्ठावन्न वर्षांचं एक जुनं जठर आहे, मित्रांनो. माझे मालक सुतारकाम करतात आणि सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. लोक गुपितं पोटात ठेवतात म्हणे. मला आजवर एकही सापडलं नाही. सापडल्या त्या गोळ्या, आणि ही हकीकत त्यांच्यामुळेच सांगावी लागते आहे.

मिस्त्री जन्मले तेव्हा मी जेमतेम आवळ्याएवढा होतो. पुढे त्यांच्याबरोबर वाढलो आणि कामाला लागलो. अन्न पचवण्यासाठी मी आम्ल तयार करतो. ते इतकं जहाल असतं की मांसाचाही चुरा करतं. मग मी स्वतः कसा वाचतो, असं तुम्ही विचाराल. माझ्या आतल्या अस्तरावर मी सतत एक बुळबुळीत थर लिंपत असतो, आणि त्यासाठी लागणारं सगळं सामान रक्त आणून देतं. अस्तर रोज थोडं झिजतं, रोज मी ते दुरुस्त करतो. या कामाबद्दल मला कुणी कधी शाबासकी दिली नाही. जेवण आवडलं की स्वयंपाक करणाऱ्याचं कौतुक होतं.

मिस्त्रींच्या कारखान्यात एक नियम होता. लाकडाचे जोड गोंद लावून शिकंज्यात आवळले की, बाहेर आलेला गोंद पटाशीनं खरवडून जोड साफ होईपर्यंत त्या कामावरच्या कुणी जेवायला उठायचं नाही. गोंद एकदा कडक झाला की काम बिघडतं. नियम लाकडाच्या भल्याचा होता, माझी मात्र त्यात उपासमार होई. एकची वेळ तीनवर जायची. मी वेळेवर आम्ल तयार ठेवायचो आणि वर कुणाचा पत्ता नसायचा.

त्यात मिस्त्रींची कंबर दुखायला लागली. ते दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या घेऊ लागले, त्याही रिकाम्या पोटी. या गोळ्या माझा थर पातळ करतात. मी जळजळीनं तक्रार केली, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि मुलीनं घरातलं पाकीट फेकून दिलं. मुलगी कारखान्यातच आराखडे काढायची, तिची नजर चुकवणं सोपं नव्हतं. मिस्त्रींनी नवं पाकीट स्क्रूच्या डब्यात ठेवलं. ही गोष्ट फक्त त्यांच्या पॉलिशवाल्या मित्राला ठाऊक होती आणि मिस्त्रींनी त्याला गळ्याची शपथ घातली होती. मला फार राग यायचा, पण मला विचारतो कोण!

त्या दिवशी एका मोठ्या कपाटाचे जोड आवळलेले होते. दुपारचे अडीच वाजले होते. सकाळपासून माझ्यात दोन गोळ्या आणि घोटभर पाणी, एवढंच आलं होतं. कपाटाचा एक लहान खण खरवडायचा राहिला होता. मिस्त्रींना भूक लागली होती, म्हणून घाईत तो टेबलावर न घेता त्यांनी मांडीवरच धरला. पटाशी निसटली आणि मांडीच्या वरच्या भागात खोल घुसली.

आत्तापर्यंत धो धो येणारं रक्त माझ्याकडे येताना आटू लागलं. पॉलिशवाल्यानं फडक्याचा बोळा जखमेत दाबून धरला. मुलीनं टेम्पो काढला. मिस्त्रींचं अंग गार पडत चाललं होतं, शुद्ध हरपत होती. रक्त कमी पडलं की शरीर आधी मेंदू आणि हृदय सांभाळतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या वाटा आवळून घेतं. ते बरोबरच आहे, मी त्याबद्दल कुरकुर करत नाही. पण माझं सामान बंद झालं. थर लिंपायला काही उरलं नाही आणि आम्ल तर आधीच भरून ठेवलेलं. ते माझ्याच अस्तरात झिरपू लागलं. काही खाली लहान आतड्यात उतरलं. तिथलं मऊ अस्तर माझ्यापेक्षाही नाजूक, आणि तेही रक्तावाचून तडफडत होतं. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. मिस्त्री जखमेतून वाचले, तरी माझ्यामुळे जातील की काय, अशी भीती मला वाटत होती.

रुग्णालयात डॉक्टरबाईंनी चालता चालता विचारलं, कधी जेवले, कुठलं औषध चालू आहे का. मुलगी म्हणाली, एक वाजता जेवले, औषध काही नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं, कारण एकला ती स्वतः जेवली होती आणि बाबाही डबा घेऊन उठताना तिला दिसले होते. डबा हातात घेऊन ते परत जोडांपाशी गेले, हे तिनं पाहिलं नव्हतं. पॉलिशवाला शेजारीच उभा होता. त्याचे हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले होते. तो काही बोलला नाही.

मिस्त्रींना आत नेलं. फाटलेली रक्तवाहिनी शिवायला घेतली, बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढू लागलं. बाहेर बाकावर मुलीनं कारखान्यातून घाईत उचलून आणलेली बाबांची पिशवी हातात घेतली तर ती जड लागली. तिनं डबा उघडला. तो तसाच्या तसा भरलेला होता.

"काका," ती म्हणाली, "बाबा जेवलेच नाहीत. आणखी काय माहीत नाही मला?"

पॉलिशवाल्याला शपथ आठवली असणार. तरी तो बाकावरून उठून तिच्यासमोर आला.

"कंबरेच्या गोळ्या घेतो तो," तो म्हणाला. "रोज. आज दोन घेतल्या, उपाशीपोटी. स्क्रूच्या डब्यात असतात."

मुलगी धावत शस्त्रक्रियेच्या दाराशी गेली आणि नर्सला सगळं एका दमात सांगितलं. निरोप आत पोचला. डॉक्टरबाईंनी नाकातून नळी माझ्यापर्यंत आणून साचलेलं आम्ल ओढून घेतलं आणि आम्ल कमी करणारं इंजेक्शन तिथल्या तिथे द्यायला लावलं. माझं काम थांबवणारं औषध मला इतकं हवंसं वाटेल, असं मला कुणी आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

तरीही धोका टळला नव्हता. आटलेलं रक्त एकदम परत आलं, तेव्हा माझं अस्तर आणि आतडं दोन्ही सुजली. दुसऱ्या दिवशी नळीतून काळपट तपकिरी पाणी आलं. ते माझंच रक्त होतं. मुलगी त्या नळीवरची नजर काढत नव्हती. संध्याकाळी पाणी फिकट झालं, तिसऱ्या दिवशी स्वच्छ. दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा माझ्यावर चार उथळ जखमा दिसल्या. भोक एकही नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, अस्तर आधीच गोळ्यांनी झिजलेलं होतं, ते कळायला आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते सांगवत नाही.

मिस्त्री बोलायला लागले तेव्हा पहिल्यांदा मित्राचीच बाजू घेऊ लागले.

"त्याच्यावर रागावू नकोस. मीच त्याचं तोंड बांधलं होतं."

"काकांवर नाही रागावले," मुलगी म्हणाली. "आता दुखलं तर कुणाला सांगाल?"

चाळीस वर्षं कंबर वाकवून काम केलेल्या माणसाला हे कबूल करणं अवघड होतं.

"तुला," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आत्ताही दुखतंय गं."

तिनं उशी सरकवली आणि नर्सला बोलावलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. गोळी घेण्याआधी पोटात काय आहे ते बघा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर काय खाल्लं, काय घेतलं, ते सगळं सांगा, लाजिरवाणं वाटलं तरी सांगा. बेशुद्ध माणूस बोलू शकत नाही, आणि मला तर कधीच बोलता येत नाही. त्या वेळी जवळ उभ्या असलेल्या माणसाला जे ठाऊक असतं तेवढंच डॉक्टरांना कळतं.

माझं अस्तर पुन्हा नीट व्हायला काही आठवडे लागले. सगळ्याच जठरांना तेवढे दिवस मिळत नाहीत.