स्लॅबमधले कवेलू

"मिस्त्री, उठा आता. पाठ भाजेल," मी म्हटलं.

चंद्रभान मिस्त्री उठले नाहीत. सिंदी रेल्वे या गावातल्या विमलाबाईंच्या घरात, मे महिन्यात, भर दुपारी तीन वाजता ते पश्चिमेच्या भिंतीला उघडी पाठ टेकून बसले होते. जरा सरकायचे, पुन्हा टेकायचे आणि जिथे चटका जास्त, तिथे गेरूने फुली मारायचे. मी आर्किटेक्ट. ऊन कुठल्या तारखेला कुठे पडेल हे माझं सॉफ्टवेअर सांगतं. त्याला दोन दिवस लागले होते, मिस्त्रींच्या पाठीला अर्धा तास. वर त्यांनी एक कोपरा जास्तीचा सांगितला. मला राग आलाच.

"इथं बाईची खाट नाई टाकाची," ते म्हणाले. "सूर्य बुडाल्यावर बी ही भिंत तपूनच राह्यते."

विमलाबाई निवृत्त नर्स. जिल्हाभरच्या खेड्यांत चौतीस वर्षं त्यांनी पोरांना लसी टोचल्या होत्या. आता एकट्या राहत होत्या आणि त्यांना घर नवं करायचं होतं. मी मोठ्या हौसेने चित्र काढून नेलं : जुनं कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर तसंच ठेवायचं, खाली लाकडी फळ्या, पुढे ओसरी. त्यांनी ते पाहिलं, घडी घातली आणि परत दिलं.

"पोरी, तुले कवेलू सुंदर दिसते, कारन तू त्याच्याखाली राह्यली नाई. पावसाळाभर मी अन् माय गळतीखाली गंज-भांडे मांडत फिरो. एवढ्या वर्षांची नोकरी काऊन केली मी? मले स्लॅब पायजे."

पण सत्तेचाळीस डिग्रीचं आमचं ऊन, दुपारी जाणारी लाईट आणि बाईंचं बीपी. आदल्याच उन्हाळ्यात बहिणीच्या स्लॅबच्या घरात त्या चक्कर येऊन पडल्या होत्या. स्लॅब त्यांना मिळायलाच हवा होता, पण त्याखाली त्यांना जगताही यायला हवं होतं.

उपाय मला ठाऊक होता. लोखंडाच्या जाळीच्या चौकटींत कवेलूची जोडी पालथी-उताणी बसवायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. जोडीच्या पोटात हवा कोंडते, ऊन खाली कमी उतरतं. दिवाळीनंतर छप्पर उतरवलं तेव्हा त्यांचेच कवेलू अंगणात रचलेले होते.

"बाईंना सांगू नका," मी मिस्त्रींना म्हटलं. "खालून गिलावा होणार. दिसतंय कुणाला?"

मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. "मॅडम, घर तिचं हाय. तिच्या डोक्यावर काय हाय, थे तिले मालूम नाई पायजे?"

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"त नाई. दुसरं काई पाहू."

"तुम्हाला काय फरक पडतो हो?" मी चिडून विचारलं.

ते म्हणाले, "माह्या हातचा पयला स्लॅब मी मायसाठी टाकलता. गावभर पेढे वाटले. मायनं उन्हाळ्याची एक दुपार त्याच्याखाली काढली नाई. लिंबाखाली जाऊन बसे. तिनं मले सांगतलं नाई, अन् मी तिले विचारलं नाई. गेली मंग थे."

मग मी लपवायचा हट्ट सोडला.

संध्याकाळी त्यांनी विमलाबाईंना सगळं समजावून सांगितलं. बाई भडकल्या. "चंद्रभानभाऊ, फिरून कवेलूच?"

"नाई म्हनसान त नाई घालनार, बाई. पन सांगतल्याबिगर बी नाई घालनार."

दोन दिवस बाईंनी हो म्हटलं नाही. काम थांबलं. मिस्त्रींनी एका शब्दाने गळ घातली नाही. तिसऱ्या दिवशी मी पोचले, तर बाई पाण्याच्या ड्रमपाशी बसून नारळाच्या काथ्याने कवेलू घासत होत्या. एकेक कवेलू बोटाने वाजवून बघायच्या आणि बद्द वाजला की बाजूला टाकायच्या.

"फुटका नोको माह्या घरात," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "अन् गिलावा असा पायजे का एक बी दिसला नाई पायजे."

स्लॅबच्या दिवशी प्रत्येक जोडी मिस्त्रींनी स्वतः बसवली. साठीतला माणूस, गुडघे कुरकुरत होते, पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पुढे पश्चिमेला विटांची दुसरी भिंत आणि रुंद छज्जा झाला, गच्चीवर चुन्याचे तीन हात बसले. गिलावा तर असा झाला की जोड्या कुठे आहेत ते माझं मलाही सांगता येईना. या माणसापुढे माझी डिग्री मला तेव्हा फार लहान वाटली.

परवा मे महिन्यात, दुपारी तीनलाच, आम्ही दोघं तिथे गेलो. माझ्या हातात तापमान मोजायचं यंत्र होतं. लाईट गेलेली, पंखा बंद, दार उघडं. विमलाबाई खाटेवर गाढ झोपल्या होत्या.

मी हाक मारणार होते. मिस्त्रींनी मान हलवली.

"झोपू द्या मॅडम."

उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी एकदा छताकडे पाहिलं. मग वाजू नयेत म्हणून चपला हातात घेतल्या आणि त्या तापलेल्या अंगणातून फाटकापर्यंत अनवाणी चालत गेले.