साबणाची चव

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात ती कामाला लागली त्याला सतरा दिवस झाले होते. सतराही दिवस चाळीस वाडगे चाटूनपुसून आले आणि एक भरलेला परत आला.

"घड्याळजींचा," वाढणारी म्हणायची. "साबण लागतो म्हणे सुपाला."

घड्याळजी म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतले आजोबा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आणि बायको गेल्यावर त्याच आठवड्यात इथे राहायला आले.

स्वयंपाकिणीला चैन पडेना. नोकरी नवी, त्यात ही तक्रार. तिनं पातेली हुंगली, डाव हुंगले, बसमध्ये स्वतःची बोटं हुंगली. शेवटी भांडी घासणाऱ्या मावशींवर घसरली.

"मावशी, नीट विसळत नाही तुम्ही. किती वेळा सांगायचं?"

"तीनदा विसळते. लहान मुलालासुद्धा इतकी आंघोळ घालत नाही कोणी," मावशी म्हणाल्या आणि दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

अठराव्या दिवशी भाजीवाल्यानं पाठवलेली कोथिंबीर पार सडलेली निघाली. तिनं जुड्या फेकून दिल्या आणि सूप तसंच पाठवलं. घड्याळजींचा वाडगा रिकामा आला.

ती आणखीच अस्वस्थ झाली. पातेलं तेच, पाणी तेच, मावशी त्याच. मग वेगळं काय होतं? रोज ती कोवळे देठ बारीक चिरून कांद्याबरोबर परतायची, आणि पानं आच बंद केल्यावर वरून घालायची, म्हणजे वास उडत नाही. आज त्यातलं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताजी जुडी आली तशी ती चार पानं धुऊन थेट कोपऱ्यातल्या खोलीत गेली. घड्याळजींची लेक भेटायला आली होती.

"आजोबा, एवढं चावून बघा."

त्यांनी चावलं आणि रुमालात थुंकलं. "हाच तो! हाच साबण!"

"ही कोथिंबीर आहे, आजोबा. ताजी."

"काहीतरीच. आमच्या घरी कधी लागला नाही साबण. हिच्या आईची भांडी लख्ख असायची. बाहेर कुठे जेवलो की लागायचा. लोकांना विसळायचा आळस."

लेक खाली बघत होती. "बाबा, आई कोथिंबीर आणायचीच नाही. लग्नानंतर तुम्ही दोनदा ताट सरकवलंत. तिनं एकेक जिन्नस वगळून शोधून काढलं. काही लोकांना लागते म्हणे तशी, जन्मापासूनच."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही चारचौघांत तिच्या भांड्यांचं कौतुक करत होतात. ते तिला मोडवेना."

घड्याळजी उठले. खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले.

"तिला आवडायची?"

लेक म्हणाली, "माझ्याकडे आली की मूठमूठ घालून घ्यायची. आमटीवर, नुसत्या भातावरसुद्धा."

"चव्वेचाळीस वर्षं," ते म्हणाले.

स्वयंपाकीण खाली आली ती आधी मोरीपाशी गेली. "मावशी, चुकलंच माझं. तुमची भांडी स्वच्छच होती."

"ते मला ठाऊक होतं," मावशी म्हणाल्या आणि हातातलं पातेलं चौथ्यांदा विसळून तिच्यापुढे धरलं. "घ्या, हुंगा."

त्या दिवसापासून देठही शेवटी पानांबरोबरच पडू लागले, आणि त्याआधी एक वाडगा बाजूला निघू लागला. तो रिकामा यायचा. पण घड्याळजी काही स्वस्थ बसेनात. दुपारचे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे, ती निवडत असलेल्या जुडीकडे बघत.

"तुम्हाला कशी लागते हो ही?" एक दिवस त्यांनी विचारलं.

ती गडबडली. असं कधी कुणी विचारलं नव्हतं. "हिरवी लागते. थोडी लिंबाच्या सालीसारखी. जिभेवर गार वाटतं."

"गार," ते म्हणाले. हात पुढे करून त्यांनी एक पान घेतलं, डोळे मिटून चावलं. चेहरा वाकडा झाला, पण या वेळी गिळलं.

"नाही," ते म्हणाले. "अजून सांगा."