तीनच्या ठोक्याला उघडलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी टपालपेटी आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. चार वेळा लाल रंग लागलाय आणि एकदा बैलाने शिंग मारून डावी कड चेपलीय, एवढ्यावरून समजून घ्या. नागपूरकडच्या एका कारखान्यात पत्रा कापून मला घडवलं, आणि गिरड-समुद्रपूर रस्त्यावरच्या या गावात आणून शाखा डाकघराच्या भिंतीवर टांगलं. डाकघर म्हणजे डाकपाल धुरपताबाईंच्या घराची पुढची खोली. आत एक टेबल, लोखंडी कपाट, तारखेचा ठसा, आणि दाराबाहेर मी.

माझ्या पोटात राख्या पडल्या, नोकरीचे अर्ज पडले, सुनांनी माहेरी लिहिलेली लांबलचक पत्रं पडली. एकदा सरडा पडला, त्यालाही मी तीन वाजेपर्यंत सांभाळलं. कारण माझं कुलूप रोज दुपारी तीनला उघडतं. उघडतो लहानू, आमचा डाकसेवक. एकतीस वर्षं झाली, पाऊस असो की घरचं लग्न, तीन म्हणजे तीन. पेटी उघडायची, टपाल टेबलावर मांडायचं, एकेकावर ठसा मारायचा, सुतळीने बांधून थैलीत टाकायचं. गावातले लोक त्याच्यावर घड्याळ लावायचे.

पुढे घरोघरी मोबाइल आले. माझ्या पोटात कधी एखादं पाकीट, कधी नुसतं निंबाचं पान. काही जण मला शोभेची वस्तू समजू लागले. मी मनाला लावून घेतलं नाही. पार्सलं येतच होती, आणि लहानू रिकामी पेटीसुद्धा वेळेवर उघडत होता.

अशातच यंदा तालुक्यातल्या डाकसेवकांपुढे एक करार आला. संघटनेने बोलणी करून मसुदा आणला होता; मान्य करायचा की नाही, ते डाकपालांसह सगळ्या सभासदांनी मत देऊन ठरवायचं होतं. त्यात निवृत्त सेवकाला आणि त्याच्या बायकोला दवाखान्याचा खर्च मिळणार होता. आणि सातवं कलम असं, की जिथे टपाल कमी, ते डाकघर बंद करून समुद्रपूरच्या डाकघरात मिसळायचं. पहिली गोष्ट लहानूची होती. सहा महिन्यांत तो निवृत्त होणार, आणि त्याच्या जिजाबाईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. दुसरी गोष्ट धुरपताबाईंची होती. माझीही होती, पण मला कोण विचारतं?

दोघं माझ्यासमोरच बोलत.

“बाई, तुमी नाईच म्हणान. मले मालूम हाय.”

“म्हणीन ना, लहानूभाऊ. येका पाकिटासाठी इथल्या म्हाताऱ्यायनं समुद्रपूरले जावं काय? बस आली त आली, नाई त दिवस गेला.”

“आन माह्या म्हातारीचे गुडघे?”

बाई खुर्चीवरून उठल्या. मग म्हणाल्या, “च्या ठेवू काय?” वाद तिथेच थांबला.

गाव सगळ्यांना मध्ये पडतं, म्हणून मतदान आमच्याकडे ठेवलं. एकूण तेवीस सभासद. वर्ध्याहून संघटनेचे साकेत सर आले, मतपेटी म्हणून बुटांच्या खोक्याला चीर पाडून. गिरडकडचे हरिभाऊ ते बघून म्हणाले, “सर, आहेराचे पाकिटं जमा कराले आले काय? ही लाल पेटी कायले हाय मंग?”

तर त्या दिवशी मी मतपेटी झाले. बऱ्याच वर्षांनी पोट भरलं. लहानू किल्ली सांभाळत बसला, आणि त्याची वाटपाची फेरी करायला बाई स्वतः स्कूटीवर गेल्या. मतदान पाचपर्यंत होतं. दोनपर्यंत बावीस मतं पडली. राहिल्या एकट्या बाई. बाकीची मंडळी चहाला गेली.

आणि मित्रांनो, तीन वाजले.

लहानू उठला. त्याने कुलूप उघडलं, चौघडी घातलेले बावीस कागद टेबलावर मांडले, प्रत्येकावर ठप ठप तारखेचा ठसा मारला आणि सुतळीने गठ्ठा बांधला. तो थैलीत टाकताना साकेत सर दारात आले.

“लहानूभाऊ, हे काय करून राह्यले?”

लहानूने हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. मग तो परत टेबलावर ठेवला. “तीन वाजले ना जी,” तो म्हणाला.

चहाहून परतलेल्या मंडळींना हसावं की रडावं कळेना. साकेत सरांनी नियम वाचला. वेळेआधी पेटी उघडली आणि एका जरी सभासदाने हरकत घेतली, तर मतदान रद्द. उत्तर कळवायची तीच शेवटची तारीख; ते गेलं नाही तर करार आपोआप बाद. तिथल्या कोणाचीच हरकत नव्हती. विचारायच्या राहिल्या फक्त धुरपताबाई.

चारला स्कूटी दाराशी थांबली. सरांनी सगळं सांगितलं. बाईंना कळायला वेळ लागला नाही. ‘हरकत’ एवढा एकच शब्द, आणि डाकघर वाचलं. लहानू मान खाली घालून बसलेला.

“घडी उघडली काय कोनी?” बाईंनी त्याला विचारलं.

“नाई.”

“कागद पाह्यला कोनाचा?”

“लोकायचं टपाल वाचाची सवय नाई मले, बाई.”

बाईंनी पदराने तोंडावरची धूळ पुसली. “मंग हरकत कायची? त्या मानसानं येकतीस वर्सात येक चिठ्ठी इकडची तिकडे केली नाई. लावा कुलूप.”

त्यांनी आडोशाला जाऊन मत लिहिलं, घडी घातली आणि माझ्यात टाकली. पाचला लहानूने मला पुन्हा उघडलं. त्यांचा कागद वेगळा ओळखू येऊ नये म्हणून त्यावरही ठसा मारला आणि गठ्ठ्यात मिसळला. मग मोजणी झाली. होय, अकरा. नाही, बारा.

करार परत बोलणीला गेला. सातवं कलम काढा आणि दवाखान्याचं तसंच ठेवा, असं त्याच टेबलावर लिहून दिलं. अर्जाखाली पहिली सही धुरपताबाईंची.

माणसं पांगली तरी बाई दारात उभ्या होत्या. “लहानूभाऊ, जिजाबाईले काय सांगू मी?”

“मीच सांगतो तिले. तुमी कायले तोंड पाडता?” तो कुलूप ओढून बघत म्हणाला.

“तुमचं मत कोनतं होतं?”

“च्या ठेवा, बाई.”

आता माझं एक मागणं ऐका. मला नवा रंग नाही दिलात तरी चालेल. पण कुलपात अधूनमधून तेलाचा थेंब सोडत जा आणि किल्ली सरळ माणसाच्या हाती ठेवा. बोलणी होतील, नवा मसुदा येईल, आणि मतं माझ्याच पोटात पडतील याची मला खात्री आहे. लहानूचा कागद कोणता होता, तेही मला माहीत आहे. पण ते मी सांगणार नाही. ज्याने टाकलं त्याचं ते, आणि मी पेटी आहे.